मानेचे जन्मजात दोष व प्रतिमाचाचण्यांचा काळ

बालकांच्या मानेतील जन्मजात दोषांच्या निदानासाठी सोनोग्राफी, क्ष-किरण, एमआरआय व सीटी स्कॅन या प्रतिमाचाचण्या वापरल्या जातात. कोणती चाचणी कधी करावी, हे दोषाचे स्वरूप व बालकाचे वय यांवर ठरते.

स्नायूंमुळे वाकडी मान

कानामागून छातीच्या व गळपट्टीच्या हाडाकडे जाणारा स्नायू आखडल्यास डोके त्या बाजूला कलते आणि हनुवटी विरुद्ध बाजूस वळते. काही बाळांत जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांत या स्नायूत गाठ हाताला लागते. ती बहुधा काही महिन्यांत विरते. निदान मुख्यतः प्रत्यक्ष तपासणीने होते. गाठीविषयी शंका असल्यास सोनोग्राफी करतात. पहिल्या तीन महिन्यांत व्यायाम सुरू झाल्यास बहुतेक बाळे शस्त्रक्रियेविना बरी होतात. म्हणून तपासणीत स्नायूचे कारण स्पष्ट असल्यास चाचणीसाठी व्यायाम लांबवत नाहीत. अशा बाळांचे खुबेही तपासतात. त्यांची सोनोग्राफी साधारण सहाव्या आठवड्यात उपयुक्त ठरते.

मणक्यांचे दोष

नवजात बालकाच्या मणक्यांचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा क्ष-किरण चित्रात दिसत नाही. त्यामुळे लवकर काढलेले चित्र निर्दोष दिसले, तरी मणके जुळलेले नाहीत असे खात्रीने म्हणता येत नाही. क्लिपेल व फाइल यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या विकारात मानेचे मणके जन्मतः जुळलेले असतात. त्यात मूत्रपिंडाचे दोषही आढळत असल्याने मूत्रपिंडांची सोनोग्राफी करतात. स्नायू आखडलेला नसेल किंवा व्यायामाने सुधारणा होत नसेल, तर मणक्यांची चाचणी आवश्यक ठरते.

तातडीची लक्षणे

मान अचानक वाकडी होणे, सोबत ताप, श्वासाचा त्रास, गिळता न येणे किंवा हातापायांतील शक्ती कमी होणे, ही लक्षणे असल्यास वय न पाहता त्वरित रुग्णालयात तपासणी करावी लागते.

शहापूर व मुरबाड

ठाणे जिल्ह्यातील या तालुक्यांत अनेक पाडे रुग्णालयापासून दूर असल्याने दोष प्रथम घरीच लक्षात येणे महत्त्वाचे ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात. मात्र वाकड्या मानेच्या उपचारासाठी हे अंतर मोठे आहे. नवजात बालकांसाठी आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीही असतात. गाठ जाणवण्याचा व खुब्याच्या सोनोग्राफीचा काळ नेमका हाच असतो. त्यामुळे या भेटींत बाळ दोन्ही बाजूंना मान वळवते का, हे पाहिल्यास योग्य वेळी पुढील तपासणी होऊ शकते.