अंतर सांगणारी दुर्बीण

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली. पण अमेरिकेतील कोलोरॅडोत परवाना काढून एल्क हरणाची शिकार आजही करता येते. माझा भाचा तिकडेच असतो. त्याच्यासाठी अंतर मोजणारी दुर्बीण निवडायला मी सोबत गेलो होतो. तेव्हा जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा, वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा. दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. "मामा, बारापटच घेऊ या की!" भाचा म्हणाला. पण पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो, आणि भिंग तेवढेच असेल तर चित्र अंधुक होते. जनावरे तर बाहेर पडतात झुंजुमुंजू किंवा तिन्हीसांजेला! तेव्हा आठपटच बरी.

बटण दाबताच लेसरचा अदृश्य किरण सुटतो आणि जनावरावर आपटून परततो. १५० मीटरांची ही जा-ये सेकंदाच्या दशलक्षांश भागात होते! मात्र धुके असले किंवा गवत आड आले की आकडा फसवा. अशा वेळी जनावराशेजारच्या खडकावर रोखून पुन्हा मोजावे. डोंगरात आणखी एक मेख आहे. ३० अंशांच्या चढावर ३०० मीटर अंतर आले, तरी नेमाच्या हिशेबाला सुमारे २६०च धरायचे.

एवढा खटाटोप कशाला? अंतराचा अंदाज चुकला तर जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहते. म्हणून भाच्याला बजावले, "आकडा आवाक्याबाहेरचा आला, तर बंदूक खाली घे. त्यासाठीच हे पैसे मोजतो आहेस."