पडद्याआधीचे पॉवरपॉइंट

पॉवरपॉइंट मुळात संगणकाच्या पडद्यावरून दाखवण्यासाठी नव्हतेच, असे मी प्रशिक्षणवर्गात सांगतो तेव्हा नवे शिक्षक माझ्याकडे संशयाने बघतात. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट या छोट्या कंपनीने ते आणले ते मॅकिंतॉशसाठी, तेही कृष्णधवल. पाने छापायची, पारदर्शक फिल्मवर उतरवायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. ज्यांनी त्या फिल्मवर स्केचपेनने लिहिले, पुसले आणि बोटे निळी केली, त्यांना या सोयीची किंमत कळेल.

पॉवरपॉइंटमागची रॉबर्ट गॅस्किन्स यांची कल्पना साधी होती: ज्याला बोलायचे आहे त्यानेच आपली पाने रचावीत, चित्रकाराकडे किंवा टंकलेखकाकडे खेटे घालू नयेत. डेनिस ऑस्टिन आणि थॉमस रुडकिन यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १.४ कोटी डॉलर मोजून कंपनीच विकत घेतली. १९९० मध्ये विंडोजची आवृत्ती आली.

पॉवरपॉइंटमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइड्सचा सामाईक साचा. तिथे अक्षरांचा प्रकार एकदा बदलला की सगळ्या स्लाइड्स बदलतात. तरी लोक पन्नास स्लाइड्स एकेक करून दुरुस्त करत बसतात!

कोलंबिया अंतराळयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने २००३ मध्ये तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड्स वापरण्यावर बोट ठेवले होते. सविस्तर मजकूर वेगळा लिहून वाटावा, हे तेव्हापासून माझे ठाम मत आहे. आणि बोलतानाची एक युक्ती: स्लाइड शो चालू असताना ‘बी’ कळ दाबा; पडदा काळा होतो, श्रोते तुमच्याकडे बघू लागतात.