अंगणापलीकडचे मैदान

‘मुलींनी खेळावे, पण घरच्या अंगणात,’ असे सांगणारी वडीलधारी माणसे आपणां सर्वांच्याच घरी होऊन गेली. त्या सांगण्यात माया होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अंगण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न मुलीच्या मनात उरतोच. तो ज्यांनी प्रथम सोडविला त्यांची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विलायतेत प्रेस्टन येथे १९१७ साली एका कारखान्यातील कामकरी मुलींनी फुटबॉलचा संघ काढला. कारखान्याच्या नावावरून त्यास ‘डिक, कर लेडीज’ म्हणत. महायुद्धातील जखमी सैनिकांकरिता त्या निधी जमवीत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहावयास सुमारे ५३,००० लोक लोटले. परंतु पुढल्याच वर्षी तेथील फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांस योग्य नव्हे असे ठरवून आपल्या संघांची मैदाने त्यांस बंद केली. ती बंदी उठावयास जवळजवळ ५० वर्षे लागली. त्या मुली मात्र मिळेल त्या मैदानावर खेळतच राहिल्या.

आपल्या देशात अशी बंदी कोणी घातली नाही. येथे अडचण होती ती अनास्थेची. तशा काळात मुंबईत आलू बामजी ह्यांनी ‘आल्बीज’ हा केवळ स्त्रियांचा क्रिकेट क्लब उभा केला. पुढे १९७३ साली स्त्रियांच्या क्रिकेटची अखिल भारतीय संघटना निघाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ आले अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. वर्ष सरण्यापूर्वी वाराणसीस दुसरी स्पर्धा झाली, तेव्हा ते आठ झाले होते.

त्या खेळाडूंनी रेल्वेच्या बिनराखीव डब्यांतून प्रवास केला, वळकट्या बरोबर नेल्या, खेळाचे साहित्य आपसांत वाटून वापरले. अशाच मुलींनी शांता रंगस्वामी ह्यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९७६ मध्ये पाटणा येथे वेस्ट इंडीजच्या संघावर भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला. पुरुषांच्या क्रिकेट मंडळाने त्यांस आपल्यात घेतले ते थेट २००६ साली. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला.

त्या संघाची उपकर्णधार स्मृती मानधना सांगलीत वाढली. थोरल्या भावाचा खेळ पाहून तिला ह्या खेळाची गोडी लागली आणि घरच्यांनी ती जोपासली. आमच्या मते सर्व हकीकतीचे सार येथेच आहे. क्लब, संघटना, मंडळे मागाहून येतात. आधी घराने होकार द्यावा लागतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तेव्हा मैदान नाही, ही सबब आता चालणार नाही. उणीव आहे ती संध्याकाळच्या दोन तासांची. एकत्र कुटुंबात मुलगा खेळून उशिरा आला तर त्याचे पान झाकून ठेवतात. मुलगी मात्र दिवेलागणीपूर्वी स्वयंपाकघरात हवी असते. तिच्या वाटणीचे काम कधी काकूने, कधी भावाने, कधी खुद्द आजोबांनी उचलले, तर घराचे काय बिघडेल? तिचेही पान एखादे दिवशी झाकून ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.