स्वस्त विमान तिकिटाची खरी पडतळ

कापडाच्या धंद्यात नुसता मीटरचा भाव ऐकून कोणी सौदा पक्का करीत नाही. त्या भावात गाडीभाडे, हमाली, दलाली, कर आणि खराब निघणारा माल मिळवून कापड दुकानात येऊन पडेपर्यंत काय किंमत होते, ती पडतळ काढूनच व्यापारी हो किंवा नाही म्हणतो. पण हाच व्यापारी विमानाचे तिकीट घेताना जाहिरातीतला आकडा पाहतो आणि खिशात हात घालतो. आम्हीही तेच केले. त्याचा हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत, म्हणजे आमच्या नुकसानीतून निदान दुसऱ्याचा फायदा होईल.

एकवीस किलोची बॅग

गेल्या वर्षी ईदच्या हंगामापूर्वी आम्हाला कोलकात्याच्या बडाबाजारात नमुने दाखवायला जायचे होते. मुंबईहून रेल्वेने दीड दिवस लागतो, म्हणून विमानाने जायचे ठरले. भाच्याने मोबाईलवर पाहिले. एका कंपनीचे तिकीट ४,३०० रुपये, दुसरीचे ६,४००. दुसऱ्या तिकिटात २५ किलो सामान आणि जेवण धरलेले होते, पण तिकडे आम्ही लक्षच दिले नाही. २,१०० रुपये वाचले, या आनंदात पहिले तिकीट काढले.

पैसे भरताना ४०० रुपये 'सुविधा शुल्क' लागले. पुढे आसन निवडण्याचे पान आले. आसन घेतल्याशिवाय तिकीट पक्के होणार नाही असे समजून ३५० रुपये भरले. विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली तर २१ किलो भरली. मुभा १५ किलोची. वरच्या ६ किलोचे, किलोला ५५० रुपयांप्रमाणे, ३,३०० रुपये मागितले. हातातली बॅग आधीच ७ किलोची होती, तिच्यात काही कोंबण्याची सोय नव्हती. मागे रांग लागलेली, विमानाची वेळ झालेली. नमुने सोडून जावे तर जाण्यालाच अर्थ नाही. तेथे घासाघीसही चालत नाही. मुकाट्याने पैसे भरले. विमानात चहा आणि सँडविचचे ३५० रुपये झाले.

बेरीज केली तेव्हा ४,३०० चे तिकीट ८,७०० ला पडले होते. म्हणजे ज्याला महाग म्हणून सोडले, त्याच्यापेक्षा २,३०० रुपये जास्त. 'सस्ता रोये बार बार' म्हणतात, ते आम्हाला परतीच्या प्रवासातही आठवत राहिले.

दोष कोणाचा? अटी लिहिलेल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे. पण त्या बारीक इंग्रजी अक्षरांत आणि शेवटच्या पानावर होत्या. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. आमच्यासारखे कितीतरी व्यापारी आणि कारागीर दुसऱ्याच्या हातून तिकीट काढून घेतात. काढून देणारा घाईत असतो आणि भुर्दंड बसतो तो जाणाऱ्याला.

ही पद्धत आली कोठून

आपल्याकडे स्वस्त विमानसेवेची सुरुवात २००३ मध्ये एअर डेक्कनने केली. २००५ मध्ये स्पाइसजेट आणि २००६ मध्ये इंडिगो आली. त्यांच्यामुळे आमच्यासारखा मध्यम व्यापारी विमानात बसू लागला, हे उपकार नाकारता येणार नाहीत. या कंपन्यांचा धंदा साधा आहे. शक्यतो एकाच जातीची विमाने ठेवायची, ती जमिनीवर कमीत कमी वेळ थांबवायची, भाडे कमी दाखवून आसने भरायची आणि जेवण, आसन, सामान यांचे पैसे वेगळे घ्यायचे.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असे वेगळे पैसे घेण्यास रीतसर मुभा दिली. मात्र अट घातली की, प्रवाशाने स्वतः निवडल्याशिवाय अशी सेवा त्याच्या गळ्यात मारू नये. २०१६ मध्ये महासंचालनालयाने १५ ते २० किलोच्या टप्प्यातील सामानाला किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. तेव्हापासून जादा किलोचा भाव कंपनी ठरवते. २०२१ मध्ये तर काउंटरवर द्यायचे सामान अजिबात न धरलेले स्वस्त तिकीट विकण्याचीही परवानगी मिळाली. ज्याच्या हातात फक्त कागदांची पिशवी आहे त्याला ते परवडते. नमुन्यांची बॅग घेऊन फिरणाऱ्याला नाही.

पैसे कोठे वाचतात

सामान : बॅग घरीच काट्यावर ठेवावी. दुकानात काटा असतोच, एवढा आळस करू नये. वजन जास्त भरले तर जादा किलो घरूनच आगाऊ विकत घ्यावेत. काउंटरवरच्या भावापेक्षा ते बरेच स्वस्त पडतात. थान किंवा जड नमुने असतील तर ट्रान्सपोर्टने दोन-चार दिवस आधी पाठवावेत आणि सोबत फक्त कापडाचे तुकडे लावलेली नमुना-वही ठेवावी.

आसन : आसन निवडणे सक्तीचे नाही. न निवडल्यास कंपनी जे रिकामे असेल ते देते, त्याला पैसे लागत नाहीत. मुले सोबत असतील तर १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाजवळ आसन द्यावे, असा आदेश महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला आहे.

बोर्डिंग पास : काउंटरवर पास छापून देण्यासाठी काही कंपन्या पैसे घेत होत्या. जुलै २०२२ मध्ये सरकारने ते बंद करण्यास सांगितले. कोणी मागितल्यास स्पष्ट नकार द्यावा.

सुविधा शुल्क : हे माणशी आणि प्रत्येक फेरीला वेगळे लागते. पाच माणसांचे कुटुंब जाऊन येणार असेल तर दहा वेळा. एजंटाकडून तिकीट घेताना त्याची सेवा-रक्कम किती, हे आधी विचारावे आणि दोन्हींची तुलना करावी.

विमा आणि देणगी : पैसे भरण्याच्या पानावर एखाद्या चौकटीत खूण आधीच केलेली असू शकते. ती काढून टाकावी. गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत वस्तू टाकणे आणि किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणे, हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गैर ठरवले आहेत.

नाव : आपल्या समाजात हा घोटाळा फार होतो. पासपोर्टवर 'मोहम्मद' पूर्ण असते आणि तिकिटावर 'मो.' लिहिले जाते. कोठे शेख आधी येते, कोठे शेवटी. दुरुस्तीला पैसे लागू शकतात, कधी तिकीटच नव्याने घ्यावे लागते. तिकीट काढणाऱ्याला नाव तोंडी सांगू नये, ओळखपत्र समोर ठेवावे.

तिकीट रद्द करणे : 'परतावा नाही' असे लिहिलेले तिकीटही पूर्ण बुडीत नसते. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्याहून जास्त घेता येत नाही, आणि सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत द्यावेच लागते. अनेक जण ते मागतच नाहीत. रक्कम लहान असली तरी हक्काची आहे.

उमरा आणि आखाती प्रवास

सर्वात मोठा फटका येथे बसतो. जेद्दाहहून मुंबईपर्यंतच्या तिकिटात ३०-४० किलो सामान धरलेले असते. पुढे मुंबई ते नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर हे तिकीट वेगळे काढलेले असते आणि त्यावर मुभा १५ किलोची. खजूर आणि घरच्यांसाठी घेतलेल्या भेटवस्तू घेऊन आलेल्या वृद्ध जोडप्याला मध्यरात्री काउंटरवर हजारो रुपये भरण्याची पाळी येते. यावर उपाय असा की, घरापर्यंतचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. तसे केल्यास सामान्यतः परदेशी प्रवासाचीच सामान-मुभा शेवटपर्यंत चालते. ते जमले नाही तर पुढचा टप्पा रेल्वेने किंवा बसने करावा. टूरवाल्याकडून 'सामान किती, कोणत्या टप्प्यावर' हे लेखी घ्यावे. जमजमबद्दलचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तोही त्याच कागदावर लिहून घ्यावा.

शारजा आणि दुबईच्या स्वस्त तिकिटांतही फक्त हातातल्या बॅगेचे भाडे वेगळ्या नावाने दाखवले जाते. नोकरीवर जाणाऱ्या कारागिराने, ज्याच्यासोबत वर्षभराचे कपडे आणि हत्यारे असतात, ते तिकीट घेऊ नये.

बिल आणि तक्रार

ज्यांची नियमित जीएसटी नोंदणी आहे, त्यांनी धंद्याच्या प्रवासाचे तिकीट काढताना आपला जीएसटी क्रमांक अवश्य भरावा. साध्या वर्गाच्या भाड्यावर ५ टक्के कर असतो, त्याचे क्रेडिट मिळते. क्रमांक नंतर आठवून उपयोग नाही, बिलावर तो असला पाहिजे. अन्याय झाला असे वाटले तर पावती आणि पानांचे फोटो जपून ठेवावेत. आधी कंपनीकडे, मग सरकारच्या 'एअरसेवा' व्यवस्थेकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.

शेवटी एक गोष्ट स्वतःलाही विचारावीशी वाटते. विमान कंपनीने आम्हाला ४,३०० दाखवून ८,७०० घेतले, याचा आम्हाला राग आला. पण आपल्यापैकी काही जण गिऱ्हाइकाला फोनवर एक भाव सांगतात आणि बिलात पॅकिंग, कुरिअर, फॉल-पिको असे आकडे मागून जोडतात. तेव्हा त्या गिऱ्हाइकाला काय वाटत असेल? मालाचा दोष आणि मालाची पूर्ण किंमत आधी सांगावी, हे आपण वडीलधाऱ्यांकडून दुकानात बसूनच शिकलो. आम्ही कोलकात्याहून परत आल्यावर आमच्या भाव-पत्रकात सर्व खर्च धरून एकच आकडा लिहायला सुरुवात केली. दोन गिऱ्हाइके महाग म्हणून गेली, त्यांतले एक परत आले. व्यापारी बांधवांनी तिकीट घेताना पडतळ काढावी आणि माल विकताना ती लपवू नये, एवढीच विनंती.