पेटी पहिल्यांदा उचलली ती आश्रमशाळेत

उन्हाळ्यात आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे या आदिवासी गावी गेलात तर अंगणाअंगणात बाळहिरडा वाळत घातलेला दिसतो. काळा पडत आलेला, मुठीत घेतला की खुळखुळणारा. भातशेती खाण्यापुरती, रोख पैसा येतो तो बराचसा या हिरड्यातून. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडं पडली, त्याची झळ आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्याला म्हणूनच इतकी बसली. अशा अंगणात एखादी पोरगी म्हणाली, की मला पुढचं शिक्षण बाहेरच्या देशात घ्यायचंय, तर आधी सगळे गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, हे आपलं काम आहे का?"

हा पहिला गैरसमज, आणि सगळ्यात महागात पडणारा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला २० जागा. त्यातल्या १७ अनुसूचित जमातींना आणि ३ अतिदुर्बल आदिवासी गटांना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत हवं. म्हणजे ही योजना हिरडा वेचणाऱ्या घरासाठीच आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही वेगळी परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि त्या खात्याचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला, म्हणजे आपल्याच तालुक्याच्या गावी आहे. जागा थोड्या आहेत हे खरं. पण अर्जच केला नाही तर वीस असोत की दोनशे, आपल्याला काय? एक मात्र आत्ताच करून ठेवा: जात वैधता प्रमाणपत्र. त्याला वेळ लागतो, आणि विद्यापीठाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

दुसरा समज असा, की शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणजे विमानातून उतरल्या दिवशी पैसे हातात. तसं होत नाही. केंद्राच्या योजनेत फी, विमानभाडं आणि निर्वाह भत्ता मिळतो. हा भत्ता अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनसाठी ९,९०० पौंड. पण तो तिथे पोचल्यावर, कागद पुरे झाल्यावर, सरकारी गतीने येतो. खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, अंथरूण-पांघरूण आणि बसचा पास मात्र पहिल्याच आठवड्यात लागतो. शिवाय ९,९०० पौंड म्हणजे महिन्याला ८२५; लंडनमध्ये त्यातला मोठा हिस्सा खोलीच खाते. म्हणून माझं स्पष्ट मत: दीड-दोन महिने निघतील एवढे पैसे जवळ ठेवूनच निघावं, त्यासाठी नातेवाइकांकडे शब्द टाकावा लागला तरी. आणि खोलीचं डिपॉझिट, फक्त फोटो बघून, अनोळखी माणसाच्या खात्यावर पाठवू नये. पोचल्यावर त्या पत्त्यावर खोलीच नाही, असे प्रकार होतात. पहिल्या काही दिवसांपुरतं विद्यापीठाचं वसतिगृह धरावं, बाकीचं तिथे गेल्यावर डोळ्यांनी बघून.

"पार्ट टाइम काम करून सगळं भागतं," असंही सांगतात. ब्रिटनमध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नाही. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहे. नियम मोडला तर जाते ती नोकरी नव्हे, व्हिसा.

आता विमानतळ. व्हिसा मिळाला म्हणजे आत सोडलंच, असं नाही. काउंटरवरचा अधिकारी कागद मागू शकतो आणि शेवटचा निर्णय त्याचा. म्हणून प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचं पत्र, राहण्याचा पत्ता ही फाइल हातातल्या पिशवीत हवी, विमानाच्या पोटात गेलेल्या बॅगेत नव्हे. अमेरिकेत कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी जाता येत नाही, तेव्हा स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाई करू नका. ब्रिटनमध्ये पूर्वी पोचल्यावर प्लॅस्टिकचं परवाना-कार्ड घ्यावं लागे. जुने विद्यार्थी अजून तेच सांगतात, पण आता सगळं ऑनलाइन खात्यात असतं; ते खातं उघडतंय ना, हे घरून निघण्याआधीच बघा. जर्मनीत नव्या पत्त्याची नोंद साधारण दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात करावी लागते, आणि पुढची बरीच कामं त्या एका कागदावर अडतात.

सामानाचं म्हणाल तर आई तूप बांधून देणार हे नक्की. पण भारतातून ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघाच्या देशांत दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काहीच नाही. मसाला न्या, चटणीची पूड न्या. अमेरिकेत खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड होतो. तांदूळ-डाळ सगळीकडे मिळते. किलो-किलोचं ओझं वाहू नका.

आजारी पडलो तर? ब्रिटनमध्ये व्हिसाच्या वेळीच वर्षाला ७७६ पौंड आरोग्यासाठी भरून घेतात. डॉक्टर मिळण्यासाठी मात्र जवळच्या दवाखान्यात स्वतः जाऊन नाव नोंदवावं लागतं. ते ताप यायच्या आधी नोंदवा.

इंग्रजीची भीती सगळे घालतात. खरं तर पहिले दोन आठवडे तिथले उच्चार मुंबईच्या कॉन्व्हेंटवाल्यालाही कळत नाहीत. कान हळूहळू सरावतो. मुलं अडखळतात ती वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं तर गुण मिळतात. तिथे दुसऱ्याचं वाक्य नाव न देता लिहिलं तर ती चोरी ठरते, चौकशी होते. पहिला निबंध देण्याआधी ग्रंथालयात संदर्भ कसे द्यायचे ते शिकवतात, त्या तासाला जा. आणि प्राध्यापकांना शंका विचारायला जाणं हा उद्धटपणा नाही. त्यासाठी त्यांनी वेळ ठरवून दिलेली असते.

राहता राहिला घरच्यांचा मोठा प्रश्न: एकटं पोर टिकेल का? इथे मला मनापासून सांगावंसं वाटतं, की हा प्रश्न आहुप्याच्या पोरांच्या बाबतीत उलटा विचारायला हवा. सहाव्या-सातव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन जे मूल आश्रमशाळेत गेलं, त्याने हे सगळं एकदा केलेलं असतं. पेटीला कुलूप, किल्ली करगोट्याला. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, रात्री रडू आलं तर शेजारच्या कॉटवरच्याला कळू द्यायचं नाही आणि दोन महिन्यांनी त्याच शेजाऱ्याशी जिवाभावाची दोस्ती. शहरातली मुलं हे पहिल्यांदा परदेशात शिकतात. घरची आठवण येणारच. आणि पहिली खोली मानवली नाही म्हणून काही बिघडत नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा हार्टली हॉलमधलं जेवण त्यांना मानवेना. आठवडाभरात त्यांनी जागा बदलली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी मित्र भेटले आणि ती मैत्री कायमची टिकली.

एक शेवटचं, घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं. ब्रिटनमधून सप्टेंबरमध्ये दुपारी अडीचला फोन लावला तर इथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. मग तिथल्या अडीचला इथे आठ. हे घरी कळवलं नाही, तर आई ठरल्याप्रमाणे सातलाच मोबाइलची रेंज येते त्या जागेवर जाऊन तासभर अंधारात उभी राहील.