माळरानाची नोंदवही

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या मार्गावर नान्नज हे गाव लागते. त्याच्या शिवारालगत जो उघडा, मुरमाड माळ पसरलेला आहे, तो उन्हाळ्यात पाहणाऱ्यास अगदी ओसाड वाटतो. दप्तरात अशा जमिनीच्या वाट्याला बहुधा ‘पडीक’ एवढाच शब्द येतो. परंतु हाच माळ माळढोक पक्षी अभयारण्याचा गाभा होय. पाऊस लागून दोन महिने लोटले म्हणजे त्यावर गुडघाभर गवत डोलू लागते, आणि त्या गवताच्या आश्रयाने किती जीव राहतात याचा हिशेब सांगू शकेल असा मनुष्य कचेरीत नव्हे, गुरांमागे सापडतो.

हा हिशेब कागदावर का यावा, हे या अभयारण्याच्याच इतिहासावरून कळते. १९७९ साली ते घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर ठरविण्यात आले. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील गावे, बागायती शेते, बाजारपेठा, सारे काही त्या रेषेच्या आत आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ज्या पक्ष्याला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होता, त्याचे नावच पुष्कळांना नकोसे झाले. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान पक्षी मात्र घटतच गेला. अलीकडे तेथे माळढोक दिसलाच तर एखादा-दुसरा दिसतो. आमच्या मते, कोणत्या गटात पक्षी चरतो, कोणत्या माळावर अंडे घालतो, याची गावोगावची नोंद आरंभीच हाती असती, तर रेषा इतकी सैल ओढावी लागली नसती; शेतकऱ्याचा जाचही टळला असता आणि पक्ष्याचा माळही राखता आला असता.

अशी नोंद करण्याचा अधिकार आज गावाला आहे. जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून, त्या समितीने लोकांच्या माहितीवरून नोंदवही सिद्ध करावयाची आहे. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला होता. पण पुष्कळदा एका गावची वही दुसऱ्या गावाने उतरवून घेतलेली आढळते. माळावर न जाता भरलेली वही कोरी असलेली बरी!

कामास गवतापासून आरंभ करावा. पवन्या, मारवेल, कुसळी ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. परंतु कुसळे धोतराला टोचली म्हणजे त्या प्रत्येक गवतास आपण कुसळीच म्हणतो. एका नावाखाली दोन-तीन निरनिराळी गवते दडलेली असणे मुळीच अशक्य नाही. म्हणून फुलोऱ्यावर आलेली, मुळासह एक काडी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, कागद रोज बदलावा, आणि सोबत गावातील नाव, गट क्रमांक, तारीख व सांगणाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. कृषी महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे जाणकार त्यावरून शास्त्रीय नाव सांगू शकतील. अभयारण्याच्या हद्दीतील काडी मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून उचलू नये. गवताचा उपयोगही लिहावा. कुसळी कोवळी असताना गुरे आवडीने खातात; बी पिकल्यावर तीच मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुतते. तिचे कुसळ ओल लागताच पीळ सोडीत फिरते आणि बी जमिनीत शिरते. ही गोष्ट धनगराला चांगली ठाऊक असते. हिवर, बोर, तरवड, नेपती यांचीही नोंद विसरू नये.

प्राण्यांच्या बाबतीत पाहिलेले व ऐकलेले वेगळे लिहिणे अत्यावश्यक आहे. काळवीट दिसले तर नर किती, माद्या किती, कोणत्या पिकात शिरले, तेही लिहावे. नुकसानीची नोंद हासुद्धा वहीचा भागच होय. पाऊल उमटलेले दिसले आणि ते लांडग्याचे की कुत्र्याचे हे उमगले नाही, तर ‘लांडगा किंवा कुत्रा’ असेच लिहावे. मेंढपाळाने खोकड पाहिल्याचे सांगितले, तर त्याच्या नावे लिहावे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा भोवत्या गवतावरून खालून खालून उडत नाकतोडे टिपतो. शेतकऱ्याला तो परका नाही, केवळ त्याचे नाव कोणी विचारलेले नसते.

माळढोकाविषयी विशेष दक्षता हवी. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माणसांची वर्दळ झाली तर ती अंडे सोडून जाते. म्हणून अंड्याची जागा वहीत न लिहिता केवळ वनरक्षकाला कळवावी, आणि छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नसल्याने विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. म्हणून माळावरून गेलेल्या तारा नकाशात अवश्य दाखवाव्यात. माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली असतील, तर तीही दाखवावीत. झाडे लावणे एरवी पुण्याचे काम. पण ज्या पक्ष्याला दूरवर नजर टाकता आली पाहिजे, त्याचे राहते घर त्यामुळे मोडते.

एकाच वाटेने, एकाच वेळी फिरून पाहिल्यास वर्षावर्षांची तुलना करता येते. काही दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असे तारखेसह लिहावे. पहिली फेरी भाद्रपदात, गवत फुलोऱ्यावर असताना काढावी. दुसरी मार्गशीर्षात, भोवत्या आल्यावर. आणि तिसरी चैत्रात, पाणवठे आटत आले म्हणजे. बरोबर एक गुराखी, एक म्हातारी बाई आणि शाळेतील एखादा चांगल्या अक्षराचा मुलगा असला की पुरे.