गॅसचा आवाज: काय खरं, काय चुकीचं

मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा हे वाशीम जिल्ह्यातले तीन तालुके समृद्धी महामार्गाच्या वाटेवर आहेत. या महामार्गाच्या कडेनेच ‘गेल’ कंपनीची मुंबई-नागपूर नैसर्गिक वायूची पाइपलाइन टाकलेली आहे. पाइपलाइन आली की पुढे व्हॉल्व्ह स्टेशन येतात, सीएनजी पंप येतात, कुठे कॉम्प्रेसर येतात, आणि त्यांच्यासोबत आवाजाबद्दलचे समजही येतात. काही समजांमुळे माणूस विनाकारण घाबरतो, तर काहींमुळे हक्काची तक्रारसुद्धा गिळून टाकतो. हा दुसरा प्रकार मला जास्त काळजीचा वाटतो.

पाइपलाइन घोंघावते, हा त्यातला पहिला समज. सरळ रेषेत जाणारा, साधारण मीटरभर किंवा त्याहून खोल पुरलेला पाइप वर उभ्या माणसाला ऐकू येत नाही. आवाज होतो तो गॅसचा दाब बदलतो तिथे: दाब वाढवणारा कॉम्प्रेसर, त्याचं इंजिन किंवा मोटर, थंड करणारे पंखे, दाब उतरवणारे रेग्युलेटर, आणि वीज गेली की सुरू होणारा जनरेटर. गाडीच्या टाकीत सीएनजी सुमारे 200 बार दाबाने भरावा लागतो, म्हणून पंपावर कॉम्प्रेसर लागतोच. तेव्हा घराजवळून पाइप गेलाय का, यापेक्षा घरापासून किती अंतरावर कुठलं यंत्र बसणार आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा.

मोठा फुसकारा ऐकू आला म्हणजे गळती झाली, असंही नाही. देखभालीच्या वेळी व्हेंटमधून गॅस मुद्दाम सोडतात. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने तो वर निघून जातो. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस मात्र जड असतो, तो जमिनीलगत साचतो. पण याची उलट बाजूही लक्षात ठेवा. लांब पल्ल्याच्या पाइपलाइनमधल्या गॅसला बहुधा वास नसतो, ओळखू येणारा वास शहरपुरवठ्याच्या टप्प्यावर मिसळला जातो. म्हणून वास येत नाही तर धोका नाही, असं धरून चालू नका. वाहिनीच्या पट्ट्यावर सतत सूं-सूं ऐकू आली, माती उडताना दिसली, तर मोटरपंप, गाडी, विडी, मोबाइल काहीही तिथे चालू न करता वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने लांब जा आणि मगच खुणेच्या फलकावरच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

आता रात्रीबद्दल. “दिवसा तर काही नसतं, रात्रीच कसं ऐकू येतं? भास असेल.” हा भास नाही. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते. अशा वेळी वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि दूरवर पोचतो. त्यात वारा पडलेला, रस्त्यावर वर्दळ नाही, उन्हाळ्यातला कूलरही बंद. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या विजेवर शेतात गेलेल्या माणसाला लांबचं भजन स्पष्ट ऐकू येतं, त्याचं कारण हेच. कॉम्प्रेसरची घरघरही तशीच येते. ती महामार्गाची आहे की यंत्राची, हे ओळखता येतं. गाडीचा आवाज वाढतो आणि विरतो, यंत्राचा एकाच सुरात टिकून राहतो.

अंतराचा हिशेब असा. एका जागच्या यंत्राचा आवाज मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबलने उतरतो. 10 मीटरवर 80 असेल तर 160 मीटरवर 56 आणि 640 मीटरवर 44. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 आहे. औद्योगिक भागाची 75 आणि 70. “आम्ही 75 च्या आत आहोत” हे उत्तर कुंपणाच्या आत बरोबर असेल, तुमच्या अंगणात नाही. डेसिबलमधला 10 चा फरक म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा, आणि कानाला जवळपास दुप्पट आवाज.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट मापाची आहे. नियमातलं माप ‘ए’ पट्टीवरचं आणि ठरावीक वेळेची सरासरी असतं. ही पट्टी माणसाच्या कानासारखी खालच्या सुरांना कमी लेखते: 63 हर्ट्झच्या घरघरीतून ती सुमारे 26 डेसिबल वजा करते. खालचा सूर टिनाच्या छपरातून आणि भिंतीतूनही आत येतो, फडताळावरची भांडी थरथरतात, आणि मीटरवर आकडा मात्र साधा दिसतो. म्हणून मोजणी होईल तेव्हा ती रात्री, घराजवळ आणि ‘सी’ पट्टीवरही व्हावी, अशी लेखी मागणी करा.

“सवय होते” असं म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकावं: माणूस जागा झाला नाही तरी झोपेत आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी रात्रीच्या बाहेरच्या आवाजाची शिफारस 40 डेसिबल केली, ती झोपेच्याच अभ्यासावरून. एवढ्या आवाजाने बहिरेपण येत नाही, हेही खरं. ती भीती यंत्राजवळ रोज तासन्‌तास काम करणाऱ्या कामगाराला आहे.

झाडं लावली की आवाज अडतो, हा समज भाबडा आहे. झाडांच्या दोन-तीन ओळींनी आवाज फारसा कमी होत नाही. अडवते ती भरीव भिंत, मातीचा बांध, कॉम्प्रेसरभोवतीचं बंद आवरण आणि सायलेन्सर. शिवाय शेतातून वाहिनी जाते तिथे 1962 च्या पाइपलाइन कायद्याने त्या पट्ट्यात झाड लावायला, विहीर खणायला, घर बांधायला मनाई आहे. पीक घेता येतं.

तक्रार करून काय होणार, असं वाटत असेल तर कागद बघा. हवा प्रदूषण कायद्यात 1987 च्या दुरुस्तीमुळे आवाजही प्रदूषक म्हणून धरला जातो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातल्या आवाजाच्या अटी माहितीच्या अधिकारात मागता येतात. मर्यादेपेक्षा 10 किंवा जास्त डेसिबल असतील तर ध्वनिप्रदूषण नियमांतल्या नियम 7 प्रमाणे तक्रार करता येते. मोबाइलच्या अॅपचा आकडा पुरावा म्हणून टिकणार नाही, पण वही टिकते. तारीख, वेळ, किती मिनिटं, वारा कुठून, घरात कोण जागं झालं, हे महिनाभर लिहून ठेवा आणि अर्जासोबत जोडा. शेजारच्या दोन-तीन घरांनीही आपापली वही ठेवली तर मोजणी कोणत्या रात्री करायची ते अधिकाऱ्याला कळेल.